कच्चा टाका

प्रिय ताई,

आधी खाली बस आणि तोंडातल्या टाचण्या काढून ठेव. मला दिवस गेलेत. तिसरा महिना सरत आलाय. अगं, भुवया चढवू नकोस, मुद्दामच कळवलं नव्हतं. गेल्या वर्षी आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगत सुटले आणि मग एकेकाला, राहिलं नाही, म्हणून सांगावं लागलं. या वेळीही सुरुवातीलाच थोडं रक्त दिसलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टरीणबाईंनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू केल्या. टिकेलच असं वचन देत नाही, पण प्रयत्न करू, म्हणाल्या.

त्या गोळ्यांनी काय झोप येते गं! दुपारी मशीनवर बसले की सुईची टकटक लांब लांब जायला लागते. कापडाचे तागे आपोआप उलगडतात, दुकानभर पांढरं मऊ अस्तर तरंगत राहतं आणि त्याच्या एका घडीत कुणीतरी इवलंसं निजलेलं दिसतं. मी श्वासही हळू घेते, जाग यायला नको म्हणून. परवा अशाच तंद्रीत बँडमास्तरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या आणि लावूनही टाकल्या. बिचारे आरशासमोर उभे, उजवं कोपर भलतीकडेच! नवरा म्हणतो, ताईंनी पाहिलं असतं तर तुझी धडगत नव्हती. खरंच आहे ते.

डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. बीज बाहेर पडलं की मागं बीजकोशात जी इवलीशी रिकामी पिशवी उरते ना, ती वाया जात नाही. ती पिवळी होते आणि प्रोजेस्टेरॉन तयार करत बसते. त्यानं गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं, गर्भाशय उगाच आवळत नाही, आणि बाळाला रुजायला उसंत मिळते. पुढे बाळाला नाळेतून पोसणारी वार तयार झाली की ती हे काम हातात घेते. मी म्हटलं, म्हणजे पक्की शिलाई पडेपर्यंतचा कच्चा टाका! बाई हसल्या. तूच शिकवलंस ना, कच्च्या टाक्याला कमी लेखायचं नाही, तो सुटला तर अस्तर घसरलंच.

तेव्हापासून डोळा लागला की तुझं ते जुनं घर दिसतं. आई गेल्यावर तुझ्या, नव्या नवरीच्या, पाठोपाठ पाहुणी म्हणून आलेली मी, आणि कायमचीच राहिलेली तुझी लुडबुड. मला ताप चढलेला, भावोजी गावाला गेलेले, आणि तू मला कडेवर घेऊन दवाखान्याचा जिना चढतेयस. तुझा खांदा घामानं ओला. स्वप्नात तो जिना संपतच नाही, पण मला मुळीच भीती वाटत नाही. खरा जिना चढलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांत तू अंथरुणाला खिळलीस. दुकानातल्या बायका कुजबुजत होत्या, दुसऱ्याचं मूल उचललं आणि स्वतःचं गमावलं. मी ट्रायलच्या पडद्याआड बसून बटणं निवडत होते. तू मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. पण तेव्हापासून तू कुणाचंच मूल उचलत नाहीस, ताई. कुणी पुढं केलं की चटकन हातात मापाची टेप घेतेस. गेल्या वर्षी बाळंतपणाला ये म्हटलं तर फोनवर म्हणालीस, मी नाही येत, माझे हात बरे नव्हेत. किती रडले मी त्या दिवशी.

आज सकाळी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले. काय पळत होतं गं! वारेनं काम हाती घेतलंय, गोळ्या आता थांबवायच्या. धाकधूक आहेच, पण उठता उठता मी डॉक्टरीणबाईंना आणखी एक विचारलं, माझ्याबद्दल नाही. एक बाई आजारी मुलीला कडेवर घेऊन जिना चढली, म्हणून तिचं पोट पडलं असेल का? त्या म्हणाल्या, नाही. बहुतेक वेळा गर्भाची घडणच मुळात चुकलेली असते, कधी हे प्रोजेस्टेरॉन कमी पडतं, तिचं नेमकं काय झालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण उचलल्यानं नाही. मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. म्हणून हे पत्र. तू ये. बाळ झालं की सगळ्यात आधी तू उचलायचंस, टेप घरी ठेवून यायचं. ताई, मी तेवढी जड नव्हते गं.

तुझीच,
लुडबुड