भामाची गादी जिन्यात

चिक्कडपल्ली, हैदराबाद

चि. विक्रम यास नामदेवरावांचे (रागातले, तरी मनापासूनचे) आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? सिकंदराबादहून येऊन आमचा जिना चढवेल ना? इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून. फोन केला असता, पण फोनवरचं माझं बोलणं सूनबाईला स्वयंपाकघरात ऐकू जातं.

तुझी बहीण भामा जाऊन वर्ष होत आलं. तिची गादी मी खाटेवरून हलू देत नाही, तिच्यावरच झोपतो, आणि सूनबाई शोभाला ते बघवत नाही. गुरुवारी मी देवळात गेलेला पाहून तिनं ती गादी उन्हाच्या निमित्तानं बाहेर जिन्यात उभी केली. आपल्याकडे माणूस गेल्यावरच गादी दाराबाहेर निघते, हे खालच्या किशोररावांना पक्कं ठाऊक. त्यांनी गादी पाहिली आणि मला मारून टाकलं. मी परततो तर जिन्यात पाच-सहा जण पांढऱ्या कपड्यांत माना खाली घालून उभे. मंडळातला माझा कवितावाचनाचा तास कोणाला द्यायचा, तेही या गृहस्थानं तेवढ्यात ठरवलेलं. (ज्याला दिला त्याला शाळेतली एक कविता शेवटपर्यंत येत नाही. आम्ही चिंचेखाली उभे राहून चालीवर म्हणायचो, गुरुजींचे डोळे भरून यायचे. असो.) मला पाहून किशोरराव म्हणाले, "अरेच्चा, तुम्ही आहात?" आवाजात जरा निराशाच होती.

मी गादी आत ओढली आणि शोभाला बोलायचं ते बोललो. नात मृण्मयी मात्र हसत सुटली. ती प्रयोगशाळेत पेशी कशा मरतात ते बघते (घरात एवढी जिवंत माणसं असताना). म्हणाली, पेशीतही अगदी हेच चालतं. पेशीच्या पातळ पडद्यात एक स्निग्ध पदार्थ असतो, त्यानं कायम आतल्या बाजूला राहायचं. चुकून बाहेर गेला की एक प्रोटीन त्याला परत आत ओढतं, जन्मभर, ताकद खर्चून. मरायचं ठरलं की त्या ओढणाऱ्याला कापून निकामी करतात, दुसरं प्रोटीन आतलं-बाहेरचं एक करतं, आणि तो पदार्थ बाहेर दिसला की सफाईवाल्या पेशी येऊन सगळं गिळून टाकतात. शेजाऱ्यांना त्रास नाही, आरडाओरडा नाही.

मी विचारलं, यात शत्रू कोण? म्हणे कोणीच नाही, कापणारेही घरचेच. मग रडायचं कोणाच्या नावानं? माझ्या कवितांत शत्रू तरी असतो, नाहीतर बलिदान. मरणाची इतकी नीटनेटकी व्यवस्था म्हणजे मरणाऱ्याचा अपमान आहे. मी बजावलं, या घरात ओढणारा मी आहे आणि ओढत राहणार. तर कार्टी म्हणते, "ओढा ना आजोबा. दमलात की सांगा." सगळ्यात जास्त राग मला याचाच आला.

तुझा,
नामदेव

ता. क. शोभा बोलत नाही, पण चहात साखर बरोबर घालते. त्यामुळे भांडायलाही सोय नाही.

ता. क. गादीत कापसाच्या गाठी झाल्यात, पाठ पार मोडली. हे घरात सांगू नकोस. रविवारी ये आणि बहिणीची आठवण म्हणून गादी मागून ने. मी चिडेन, नाही म्हणेन, एखादी कविताही म्हणेन. ऐकू नकोस. तू एक टोक धर, दुसरं मी धरतो.