कोपरा कापलेला कागद

दादा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा विषय निघाला तर घरात कुणाचा आवाज दाटत नाही, उलट हसूच येतं. आज तुमची आठवण आली ती एका भांडणावरून. भांडण असं, की तुम्ही असतात तर चहाची बशी बाजूला सारून मांडी ठोकून बसला असतात आणि आईनं दोनदा हाक मारली तरी जेवायला उठला नसतात. या भांडणापायी एका बाईवर आळ आलाय आणि उद्या मला त्यावर बोलायचंय. त्याआधी लेकीनं बापाशी बोलून घ्यावं म्हटलं.

आम्ही काही निवृत्त मंडळी आहोत. सगळ्यांची उभी नोकरी संगणकावर काम करण्यात गेली. संगणकात जितकं कमी तितकं बरं, असं मानणारी ही माणसं. रंगीत, नटवे, जडशीळ दस्तऐवज आम्हाला खपत नाहीत. साधा मजकूर हवा, जो कुठल्याही यंत्रावर आणि कुठल्याही काळात उघडेल. बाकीचे लोक आम्हाला चेष्टेनं ‘कोरडी भाकरीवाले’ म्हणतात, आणि आम्हाला ते मनातून आवडतं. आता भांडण काय, तर संगणकाला अक्षर कळत नाही. तो अक्षराच्या जागी आकडा ठेवतो, आणि कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं याचे तक्ते वेगवेगळे. मराठीचे तर एके काळी जितके दुकानदार तितके तक्ते होते. आता सगळ्या जगाचा मिळून एक झालाय, तरी जुनी यंत्रं अजून आपल्याच जुन्या तक्त्यानं वाचायला बघतात. मग फाईलच्या डोक्यावर ‘मला या तक्त्यानं वाचा’ अशी खूण ठेवावी की ठेवू नये? यावर आम्ही म्हातारे एकमेकांचं तोंड बघत नाही. खूण नको म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा. मजकूर म्हणजे मजकूर, त्यात दुसरं काही घुसवायचं नाही. हे मी कुणाकडून उचललं ते तुम्हाला काय सांगायचं.

आपलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं, मी कॉलेजात. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापतेय, तव्यावरच्या सुकटीचा वास थेट रस्त्यापर्यंत गेलाय, आणि तुम्ही जमिनीवर वालाचे दाणे मांडताय. शेलार गावची शेती भावाला सोडून तुम्ही भिवंडीच्या यंत्रमागांवर, लूममध्ये शिरलात आणि डिझाइन मास्तर झालात, याचा तुम्हाला केवढा ताठा! लूमच्या डोक्यावर डॉबी असते, तिच्यात लाकडी पट्ट्यांची माळ फिरते, पट्टीला भोकं असतात. भोकात खुंटी असली की त्या जागेचे धागे वर उचलले जातात, नसली की खालीच राहतात. झालं. कापडावरची सगळी पानंफुलं आणि चौकडे एवढ्यावर उभे. दाणा म्हणजे खुंटी आणि मोकळी जागा म्हणजे खुंटी नाही, असं तुम्ही मला शिकवलंत. शिकवून झालं की आई तेच दाणे भिजत घालायची आणि रात्री म्हणायची, “घ्या, आज तुमचं डिझाइनच शिजवलंय.”

तुमचा नियम एकच होता. डिझाइनच्या कागदावर चौकोनी घरं असतील, काही भरलेली आणि काही रिकामी, तिसरं काही नाही. शब्द नाही, आकडा नाही, लाल शाई नाही. कारण आपल्या शेडमध्ये कुणी उर्दू वाचणारा, कुणी तेलुगू, कुणी आपल्यासारखा, आणि कुणाला अंगठ्यापलीकडे काही येत नाही. घर भरलंय की रिकामं आहे हे मात्र सगळ्यांना कळतं. त्या कागदांच्या नकला मी काढायचे, प्रत्येक लूमला एक. शाई घराबाहेर जराशी पसरली तरी तुम्ही कागद टरकावायचा आणि दुसरा पुढे सरकवायचा. तेव्हा मला तुमचा भयंकर राग यायचा. आता माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली माझ्याबद्दल हेच बोलत असणार.

आणि ते सुरतेचे मास्तर! शेठच्या दुसऱ्या शेडचं काम त्यांच्याकडे. माणूस हुशार आणि बोलायला गोड. तुमचा कागद हातभर लांब, त्यांचं अख्खं डिझाइन एका पोस्टकार्डावर. इथे उलटं फिरवा, इथे चार वेळा करा, इथे आरशातल्यासारखं करा, अशा खुणा त्यांनी स्वतः बसवलेल्या. शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर तुमची दोघांची रोज जुंपायची. ते म्हणायचे, “दादा, आपका कागज़ है कि जनमपत्री? मेरा तो जेब में आ जाता है.” आणि तुम्ही म्हणायचात, “तुमचा कागद वाचायला तुम्ही लागता, मास्तर. माझा वाचायला मी लागत न्हाय.” लोक हसायचे, टपरीवाला आणखी दोन चहा पुढे करायचा. पण घरी आल्यावर त्यांचंच एखादं पोस्टकार्ड खिशातून काढून तुम्ही बराच वेळ न्याहाळायचात आणि आईला म्हणायचात, “डोकं हाय रं बाबा या माणसाला.” तोंडावर मात्र एकदाही म्हणाला नाहीत.

मग ते पानाचं डिझाइन आलं. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं शर्टाच्या कापडावर बारीक पान मागितलं होतं, सगळी पानं एकाच बाजूला झुकलेली. तुम्ही कागद काढलात, मी नकला केल्या, माल निघाला. घडी करताना कळलं की काही ताग्यांवरची पानं उजवीकडे झुकलीत आणि काहींवरची डावीकडे. ते सगळे डावीकडचे तागे चाचांच्या लूमचे. चाचा म्हणजे उत्तरेकडून आलेले, दाढी मेंदीनं रंगवणारे, मला ‘बिटिया’ म्हणणारे. तुमच्या शेडमधला सगळ्यात सफाईदार हात त्यांचा. मी नव्या नकला द्यायला आले होते म्हणून पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं. अंगणात तागे उलगडून टाकलेत. शेठ त्यांच्यावरून फेऱ्या मारतोय आणि चाचा टोपी हातात धरून उभे आहेत. शेठ ओरडला, “वाचता येत नाही तर खुंट्या कशाला लावतोस रे? उद्यापासून येऊ नको!” चाचा हळूच म्हणाले, “सेठजी, जैसा कागज़ में था वैसा ही लगाया. खुदा कसम.”

तुम्ही चाचांचा कागद मागवलात, त्यांच्यापुढे धरलात आणि विचारलंत, “चाचा, पहिला घर कौनसा पढ़ा?” चाचांनी उजव्या टोकाच्या घरावर बोट ठेवलं. “यहीं से तो शुरू होता है, मास्टरजी.” त्यांचं सगळं वाचन उर्दूत, जन्मापासून उजवीकडून डावीकडे. तोवर तुमची सगळी डिझाइनं दोन्ही बाजूंनी सारखी होती, शंकरपाळे नाहीतर चौकडे. कुठल्याही टोकानं वाचा, कापड तेच निघायचं. एका बाजूला झुकणारं हे पहिलंच. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल की एवढं साधं कळू नये का, सगळे डावीकडूनच वाचतात. तुमचा ताठा मला माहीत होता. सुरतेचे मास्तरही तिथेच उभे होते. तुम्ही कागद हातात घेऊन शेठकडे वळलात.

“चाचानं बरोबर वाचलं, शेठ. कुठून वाचायचं त्ये कागदानं सांगितलंच न्हाय. आन् कागद माझा हाय.”

शेठ म्हणाला, “म्हणजे चूक तुझी?” तुम्ही म्हणालात, “माझी.” बस, एवढंच. ना आवाज चढवला, ना मान खाली घातली. चाचा कामावर राहिले. शेठनं पुढच्या हंगामाची सगळी डिझाइनं सुरतेच्या मास्तरांकडे दिली आणि तुम्ही आपल्याच शेडमध्ये खुंट्या तपासत फिरू लागलात. दादा, मी तुमची मुलगी आहे म्हणून सांगत नाही, पण एवढा उंच माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पुढे मोठाल्या कचेऱ्यांत काम केलं, काचेच्या खोल्यांत बसले. तिथे काही बिघडलं की सगळे एकसुरात म्हणायचे, वापरणाऱ्यानं सूचना वाचल्या नाहीत. दर वेळी मला ते अंगण दिसायचं.

उपाय काढायचा राहिलाच होता. सुरतेचे मास्तर त्या दिवसानंतर तुमची थट्टा करेनासे झाले. एकदा टपरीवर त्यांनीच सुचवलं, “दादा, कोने में एक तीर बना दो.” तुम्हाला ते पटेना. भरलेलं घर, रिकामं घर आणि शिवाय बाण, म्हणजे तिसरी गोष्ट आलीच की! वज्रेश्वरीला आपण उन्हाळ्यात गेलो होतो, आठवतं? सगळे कुंडात पाय सोडून बसलेत आणि तुम्ही काठावरच्या ओल्या फरशीवर बोटानं चौकोन काढून पुसताय. आई म्हणाली, “देवीपाशी तरी खुंट्या सोडा.” घरी आलात आणि दुसऱ्या दिवशी तिची कात्री घेऊन कागदाचा वरचा डावा कोपरा सरळ कापून टाकलात. लिहिलं काही नाही, काढलं काही नाही. कापलेला कोपरा डाव्या हाताला वर धरायचा आणि तिथून सुरू करायचं.

आईनं तो कागद पाहिला आणि तिच्या हातातलं पीठ परातीतच राहिलं. “अगं बाई! कोपरा कापलेला कागद? कोण गेलं?” आपल्याकडे मरणाची बातमी असलेल्या कार्डाचाच कोपरा कापतात. घरात तसं कार्ड आलं की वाचायच्या आधीच रडं सुरू. तुम्ही हसलात. म्हणालात, “म्हणून तर! कुणाचीबी नजर आधी तितंच जाती. दुसरं कायबी चुकंल, कापलेला कोपरा कुणाला चुकायचा न्हाय.” आणि तसंच झालं. चाचांच्या मुलखातही तीच रीत, तेलुगू लोकांकडेही तशीच काहीतरी. पहिल्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांनी दचकून कागद हातात घेतले आणि नंतर कुणी कधी चुकलं नाही. लाईट गेली की चाचा बोटानं कोपरा चाचपून कागद सरळ करून ठेवायचे. सुरतेच्या मास्तरांनीही ती युक्ती उचलली आणि एक दिवस भावासाठी डिझाइन काढलेलं पोस्टकार्ड, कोपरा कापून, सुरतेला टाकलं! तिकडे अख्खं घर छाती बडवत बसलं, आणि मास्तर जिवंत आहेत का ते बघायला भाऊ मिळेल त्या गाडीनं भिवंडीत येऊन थडकला. त्यावर तुम्ही जे हसलात, तसं हसताना मी तुम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढे डिझाइनं परत तुमच्याकडे आली. तुम्ही मागितली नाहीत, शेठनं आपणहून आणून दिली.

तुम्ही गेलात तेव्हा कार्डांचे कोपरे मीच कापले. वरचा डावा, तुमच्याच सवयीनं. चाचा तेव्हा काम सोडून गावी परतले होते. त्यांनी कुणाकडून तरी हिंदीत लिहून पाठवलं, की कार्ड हातात आलं तेव्हा आधी वाटलं, ‘मास्टरजी ने नया डिझाइन भेजा है.’ ते वाचून मी जी रडले, तशी तेरा दिवसांतही रडले नव्हते.

आता उद्याचं सांगते. आमच्या या गटानं गावोगावच्या छोट्या वाचनालयांसाठी पुस्तकांच्या याद्या ठेवायची एक साधीशी सोय केली. रचना माझी. साधा मजकूर, डोक्यावर खूण नाही. एका वाचनालयाच्या बाईंनी वर्षभर संध्याकाळी घरच्या संगणकावर बसून सगळी पुस्तकं त्यात चढवली. परवा त्यांनी ती फाईल वाचनालयातल्या जुन्या संगणकावर उघडली. त्यानं ती आपल्या जुन्या तक्त्यानं वाचली आणि पडद्यावर सगळा कचरा उमटला. बाईंना वाटलं आपलंच काही बिघडलं, त्यांनी होतं तसं जतन केलं, आणि सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उरल्या. सगळं त्या एका पेनड्राइव्हवर, दुसरी प्रत नव्हती. गटात एकजात सगळ्यांनी लिहिलंय, बाईंनी सूचना वाचायला हव्या होत्या, हे काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. एकानं तर माझीच जुनी वाक्यं पुराव्याला दिलीत. त्यात तुमचाही उल्लेख आहे, दादा. माझे वडील कागदावर दोनच गोष्टी ठेवायचे, तिसरी कधीच नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले. कोपऱ्याची गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही. सांगितली असती तर भांडण हरले असते.

उद्या सगळे बोलायला जमतील, त्या बाईही असतील. बाईंचं काही चुकलं नाही, कुठल्या तक्त्यानं वाचायचं ते माझ्या फाईलनं सांगितलंच नाही, एवढं म्हणायचं आहे, आणि पुढे तुमचेच शब्द. संध्याकाळपासून ते वाक्य गटासाठी लिहायला बसतेय, आणि दर वेळी ‘पण’ लावून पुढे काहीतरी समजावू लागते. तुम्ही पुढे काहीच जोडलं नव्हतंत. तुम्हाला हे एवढं लांबलचक लिहून झालं, पण ते तीन शब्द माझ्याकडून अजून कुणाला गेले नाहीत. इथे आधी लिहून बघते. कागद माझा आहे.