या दोन व्यक्ती एकच आहेत का?

३ जून, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश आहे. कॉलेजच्या संगणक विभागात मला कोपऱ्यातली खोली मिळाली. पंखा कुरकुरतो, पण खुर्ची नवी कोरी, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा मीच काढलं. प्राचार्यांनी स्वतः येऊन चहा पाजला.

इथे ऑनलाइन पुस्तकांचा पासवर्ड वेगळा, नियतकालिकांचा वेगळा, हजेरीचा वेगळा, निकालाचा आणखी वेगळा. मुलांचं सोडा, प्राध्यापकसुद्धा कीबोर्डखाली चिठ्ठ्या चिकटवून बसलेत. मी आणायचं आहे सिंगल साइन-ऑन. सगळ्याला मिळून एकच पासवर्ड, एकदा आत शिरलं की सगळी दारं उघडी.

सध्या ताईकडेच राहतेय. रात्री जेवताना हे सांगितलं तर भावोजी म्हणाले, सगळी कुलुपं एका किल्लीने उघडणारा एकच माणूस त्यांना ठाऊक आहे आणि पोलीस त्याच्या मागावर आहेत. ताईला ठसका लागला.

७ जून, शुक्रवार

ग्रंथपालबाईंशी चांगली गट्टी जमली. वाचनालयातल्या संगणकांवर रोज येणारी मुलं त्यांनी मला दाखवली. त्यात दुसऱ्या वर्षाच्या दोन जुळ्या बहिणी आहेत. थोरली बडबडी, धाकटी हळू बोलणारी, पुस्तकात नाक खुपसून बसणारी. चेहरे अगदी सारखे, पण एकदा बोलल्या की गोंधळ होत नाही.

काम किचकट आहे. एकाच माणसाची वाचनालयात एक नोंद, निकालात दुसरी. यंत्रणा अशा जोड्या शोधते आणि विचारते, ‘या दोन व्यक्ती एकच आहेत का?’ ‘हो’ दाबलं की दोन्ही नोंदी एक होतात. मी फोटो, जन्मतारीख, पत्ता ताडून मगच उत्तर देते. प्राचार्यांना उद्घाटन सोमवारीच हवंय, संचालक मंडळ येणार आहे. मी होईल म्हणून बसले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, घाई करू नका, ही माणसं आहेत. मी हसण्यावारी नेलं.

१० जून, सोमवार

झालं एकदाचं! सभागृहात टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी मला व्यासपीठावर बोलावून पाहुण्यांशी ओळख करून दिली. ताईने घरी गोड केलं.

शेवटी शेवटी मी नीट पाहत नव्हते. फोटो तर उघडलेच नाहीत. ‘हो’, ‘हो’, ‘हो’ दाबत सुटले. काही बिघडलं नाही म्हणा.

११ जून, मंगळवार

बिघडलंय.

सकाळी धाकटी माझ्या दारात आली. आत शिरलं की बहिणीचं नाव दिसतं, तिची स्वतःची हजेरी नाही, निकाल नाही, काहीच नाही, असं सांगत होती. मी नोंद उघडून पाहिली. आडनाव एक, पत्ता एक, जन्मतारीख एक. दोघींची मी एकच मुलगी करून टाकली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण प्राचार्य पाहुण्यांना घेऊन खोलीतच उभे होते, माझं कौतुक चाललं होतं. मी तिला म्हटलं, “पासवर्ड चुकत असेल तुझा. नीट बघून टाइप कर.”

ती म्हणाली, “सॉरी मॅडम. मीच काहीतरी चुकत असेन.”

सॉरी ती म्हणाली. मला. पाहुणे हसले, आजकालच्या मुलांना धीर नाही म्हणाले. मीही त्यांच्याबरोबर हसले.

एकत्र झालेल्या नोंदी वेगळ्या करायच्या तर प्राचार्यांची मंजुरी लागते. म्हणजे त्यांना सांगणं आलं. उद्या सांगेन.

१३ जून, गुरुवार

काल सांगितलं नाही. आज धाकटी कुठेच दिसली नाही. ग्रंथपालबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “कोण धाकटी? ती एकटीच तर आहे.” मला चेष्टा वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

वर्गात डोकावले. थोरली बाकाच्या कडेला अंग चोरून बसली होती. उरलेलं बाक रिकामं.

१४ जून, शुक्रवार

पत्ता पडताळायचा आहे अशी थाप मारून मी त्यांच्या घरी गेले. आईने अगत्याने बसवलं. एकुलती एक आहे हो आमची, म्हणाली. आतल्या खोलीत शेजारी शेजारी दोन पलंग होते. एकावर नुसत्या घड्या केलेल्या चादरी.

थोरलीला खायला द्यायला आईने दोन ताटल्या काढल्या. एक हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग ओशाळून हसली आणि म्हणाली, “अलीकडे असंच होतं माझं.”

ओशाळायचं मी. ओशाळली ती. पुढे ठेवलेला चहा तसाच ठेवून मी उठले.

१७ जून

आज प्राचार्यांना सगळं सांगितलं. घाईत मीच चूक केली, मुलीवर ढकलली, आणि आता ती मुलगीच नाही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, फार काम केलंत, दोन दिवस सुट्टी घ्या.

कबूल करायला गेले तर गुन्हाच शिल्लक नव्हता. अशी लाज कुणाच्या पायाशी नेऊन ठेवायची?

मी रडायला लागले, तेव्हा त्यांनी नोंदी वेगळ्या करायला मंजुरी दिली. तुमच्या समाधानासाठी, म्हणाले.

१८ जून

सकाळीच नोंदी वेगळ्या केल्या. जिन्यात पावलं वाजली. ती आली. तीच वेणी, तीच पिशवी खांद्याला. नमस्कार मॅडम, आता उघडतंय, म्हणाली.

मी तिच्या मागोमाग वाचनालयापर्यंत गेले. ग्रंथपालबाईंनी तिला हाक मारून पुस्तक दिलं. मधले दिवस ती नव्हतीच, हे कुणाला आठवत नाही. सुटले, असं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच वाटलं.

थोरली मात्र दारातून माझ्याकडे बघत होती.

१९ जून

थोरली खोलीत आली, दार लावून घेतलं. म्हणाली, “मॅडम, ही ती नाही.”

घरी आल्यावर हिला सगळ्या विषयांचे गुण तोंडपाठ. कुठल्या दिवशी गैरहजर होती, कुठलं पुस्तक केव्हा परत केलं, सगळं. पण लहानपणी दोघी अंथरुणात कुजबुजायच्या ती आपली भाषा हिला माहीत नाही. आईला ती काय हाक मारायची, माहीत नाही. अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहते.

मला कळलं. कॉलेजकडे जेवढी नोंदलेली होती, तेवढीच परत आलीय. बाकीची —

बाकीची कुठे आहे, असं थोरलीने मला विचारलं.

२० जून

यंत्रणा पुन्हा विचारतेय. या दोन व्यक्ती एकच आहेत का? ‘नाही’ दाबलं. परत विचारते. ‘नाही’. परत.

परत आलेली ती आता थोरलीसारखी हसायला लागलीय. भरभर बोलते. थोरलीला मात्र शब्द सापडत नाहीत. कुजबुजीची ती भाषा तिलाही आठवेना, म्हणून रडली.

ताईला फोन केला. घरी ये म्हणाली. कशी जाऊ?

२१ जून

थोरली माझ्या खोलीत आहे. आतून कडी. घरी जायचं नाही म्हणते. हात बर्फासारखा, मी धरून ठेवलाय. दुसऱ्या हाताने लिहितेय, नाहीतर मीही विसरेन —

दारावर थाप. प्राचार्य. आई-वडील आलेत, मुलगी त्यांच्याजवळच आहे, तुम्ही कुणाला कोंडून घेतलंय, विचारताहेत. मागून तिचा आवाज. थोरलीचाच आवाज, बाहेरून.

मी ओरडून सांगितलं. सगळं. चूक माझी, खोटं मी बोलले, खरी मुलगी इथे आत आहे, तिच्या आईला आत पाठवा. आई म्हणाली, माझी मुलगी ही इथे उभी आहे.

प्राचार्य समजुतीच्या सुरात बोलताहेत. त्या प्रश्नाने तुम्ही फार त्रास करून घेतलात. तुम्ही ‘नाही’ म्हणत राहिलात म्हणून तो माझ्याकडे आला. काळजी करू नका, मी आत्ताच ‘हो’ —

हात घट्ट धरलाय. धरलाय. मुठीत बोटं होती, आता —