साठ नंबरचा पत्ता

सोमवार, ६ जानेवारी २०२५

मारुतीरावांचा मुलगा आज माझ्या दुकानात आला! स्वरूप. मी त्यांच्या फाउंड्रीत होते तेव्हा हा शाळेत होता, त्यामुळे मला ओळखलं नाही. जुने कॉम्प्युटर बेळगावात तुम्हीच चालू करता असं ऐकलं, म्हणाला.

त्यांच्या लॅबचा संगणक बसलाय. विंडोज ९८. लोखंडाचा रस ओतायच्या आधी त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती ते सांगणारं यंत्र त्याच्यावर चालतं. त्याचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर उघडतच नाही. कंपनी म्हणते, यंत्रच नवीन घ्या.

करून देते म्हटलं. चहा पाजला. तो गेल्यावर कप मोरीत आपटला — रागानं.

मंगळवार, ७ जानेवारी

लिहूनच टाकते.

त्याच लॅबमध्ये होते मी. २०११ साली एका गिऱ्हाइकाकडून सगळा माल परत आला, तडे गेलेला. तो ओतताना, रीडिंग येईपर्यंत थांबा म्हणून मी ओरडत होते, आणि मारुतीरावांनी स्वतः उभं राहून ओतायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर बोट माझ्याकडं — "हिच्या हातात मशीन दिलं, तीच माझी चूक. चालती हो."

उद्यमबागेतल्या कारखान्यांत मग कुणी मला दारात उभं केलं नाही. आशुतोष म्हणतो, सोड आता. नवरा आहे, बोलायला काय जातंय! तिथं उभी मी होते.

मला त्यांचं पडलेलं तोंड पाहायचंय. परक्या माणसांसमोर.

शुक्रवार, १० जानेवारी

जुन्या डिस्कची नक्कल निघाली. नव्या संगणकाच्या पोटात आता व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एक आभासी संगणक, आणि त्या मशीनमध्ये विंडोज ९८ जसंच्या तसं! तेच ढग, तोच सुरू होतानाचा आवाज. माझं वय एकदम कमी झालं.

लॅबमध्ये नेऊन जोडलं, पण नेटवर्क नाही. यंत्र बोलतं नेटवर्कच्या तारेनं, आणि ९८ला नव्या धाटणीचं कार्ड दिसतच नाही. खोटं कार्ड बदलून जुन्या काळचं दिलं, त्याचा ड्रायव्हर शोधून घातला. कार्ड दिसलं. तरी यंत्र गप्प. दिवसभर गप्प!

शनिवार, ११ जानेवारी

बोललं! आतलं आभासी मशीन नव्या संगणकाच्या आडोशाला बसलं होतं, यंत्राला दिसतच नव्हतं. ब्रिज करून, म्हणजे मधे पूल टाकून, थेट फाउंड्रीच्या नेटवर्कवर आणलं, तसं यंत्रानं ओळख दिली. आकडे भट्टीजवळच्या पडद्यावर पण दिसायला हवेत, असं स्वरूपचं म्हणणं. म्हणजे लॅब, ऑफिस, सगळ्यांचे मोबाईल — एकाच जाळ्यात.

तिथंच मला सुचलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळं बसवून आले.

नेटवर्कवर प्रत्येकाला एक नंबर लागतो, घराच्या पत्त्यासारखा. त्यांचा राउटर पन्नासच्या पुढचे नंबर येईल त्याला वाटतो. लॅबच्या मशीनला कायमचा नंबर द्यायचा तर पन्नासच्या आतला द्यायचा, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मी साठ दिला.

कधीतरी सकाळी लॅब उघडायच्या आत दुसऱ्या कुणाला साठ मिळेल. मग मशीन सुरू होईल, आपला पत्ता आधीच गेलेला बघेल आणि नेटवर्क सोडून देईल. आकडे बंद. भट्टीत रस तयार! माझ्यावर काही येणार नाही. असं कुठंही होतं.

लॅबमध्ये आता सांबरा गावची मंगल आहे. नवरा नाही, दोन मुली. तिनं हातावर तिळगूळ ठेवला. "आक्का, मशीन बंद पडलं तर मला लई भ्या वाटतंय. मालक लगेच अंगावर येत्यात." फोन कर म्हटलं.

मारुतीराव फाटकात भेटले. "लतिका न्हवं?" एवढंच. पुढं निघून गेले.

रविवार, १९ जानेवारी

काही नाही. फोन वाजला की उठते.

गुरुवार, २३ जानेवारी

झालं!

सकाळी स्वरूपचा फोन. पुण्याहून मोठं गिऱ्हाईक माल बघायला आलेलं आणि आकडे बंद. मी पोचले तेव्हा रस थंडावत चालला होता. पाहुणे घड्याळ बघत होते, मारुतीराव त्यांच्यासमोर हात जोडून उभे. घामानं डबडबलेले, आवाज चिरका. पोटभर पाहिलं मी. रीडिंगशिवाय ओतू नका असं पाहुणे म्हणाले, आणि गाडीत बसले.

मग मी राउटर उघडला. साठ नंबर एका मोबाईलकडं होता. मारुतीराव मागंच उभे. काय झालंय, त्यांनी विचारलं.

मी दिलेला नंबर चुकीचा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "हा मोबाईल कुणाचा?"

मंगलनं हात वर केला. सकाळी पोरींच्या शाळेचा मेसेज बघायला वायफाय लावला होता तिनं. रस वाया गेला तो हिच्यापायी, असं मारुतीराव सगळ्यांना ओरडून सांगत सुटले. ती माझ्याकडं बघत होती. "आक्का, मोबाईलनं एवढं व्हतंय व्हय? सांगा की तुम्ही."

मी पडद्याकडं वळले. साठचा वीस केला. आकडे आले.

"चालती हो," मारुतीराव तिला म्हणाले. ती डबा घेऊन फाटकातून गेली.

शनिवार, २५ जानेवारी

मारुतीरावांचा फोन. मागचं मनात ठेवू नका, म्हणाले. लॅबला खात्रीचं माणूस पाहिजे. "तुमचीच जागा हाय ती. या."

सोमवारपासून येते म्हटलं.