चारशे अठरावा मणी

सोफिया, ६ फेब्रुवारी १९९४

ती. झ्लाटका मावशीस, रालित्साचा सा. न. वि. वि.

तुझं मिरच्यांचं लोणचं पोचलं. अर्धी बरणी प्रयोगशाळेनेच फस्त केली. मी नक्की काय करते, असं विचारतेस. दह्यातल्या जंतूजवळ दुधातली साखर फोडणारं विकर असतं. विकर म्हणजे हजारभर मण्यांची माळ, एकेक मणी म्हणजे अमिनो आम्ल. त्यातला चारशे अठरावा मणी मी बदलला. साखर जास्त फुटेल, दूध न पचणाऱ्यांनाही दही खाता येईल, असा माझा होरा. पण विकर ढिम्म! पंचवीस तारखेला प्राध्यापक दोयचिनोव निकाल बघणार. काही निघालं नाही तर माझी जागा गेली. आईला सांगू नकोस, ती लगेच टपाल कचेरीत चिकटवेल.

नेहमीपेक्षा थोडा जास्त लोभ ठेव.
तुझी रालित्सा

मोमचिलोव्ची, १२ फेब्रुवारी

चि. रालित्सास अनेक आशीर्वाद.

काका म्हणाले, हजारातला एक मणी बदलून काय होतंय? मी म्हटलं, तुमचा पुढचा एकच दात पडला आणि शिट्टी बंद झाली ना!

मला एवढंच सांग, तुझं ते विकर किती गरम ठेवतेस? माझी हंडी गार पडली की दही लागत नाही. दुधात करंगळी बुडवून तीन मोजायचे. तीनला चावलं की विरजण घालून घोंगडीत गुंडाळायचं.

जेवत जा. लोभ कमी व्हायचा नाही.
मावशी

सोफिया, २५ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

सदतीस अंश! आमच्याकडे सगळ्याच चाचण्या माणसाच्या अंगाइतक्या गरम. हा जंतू माणसात नाही, तुझ्या हंडीत राहतो, हे वर्षभर कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी दुधात करंगळी बुडवली, शेजारी तापमापक धरला. तीनला चावलं तेव्हा चव्वेचाळीस! तिथे बदललेलं विकर जुन्याच्या अडीचपट चाललं.

प्राध्यापकांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? म्हटलं, मावशीची. त्यांनी गंभीरपणे विचारलं, कोणत्या संस्थेत असतात?

जागा टिकली, मावशी. दोन वर्षं.

लोभाची परतफेड उन्हाळ्यात, समक्ष.
रालित्सा

मोमचिलोव्ची, २८ फेब्रुवारी

चि. रालित्सास आशीर्वाद.

पत्र ऐकून काकांनी शिट्टी वाजवायला तोंड उघडलं. नुसती हवा. मार्चच्या शकुनाचा लाल-पांढरा दोरा सोबत आहे. पहिला करकोचा दिसेपर्यंत मनगटावरून सोडू नकोस.

आणि तुझ्या प्राध्यापकांना कळव, करंगळी डावी. उजवीला भाजल्याचा घट्टा आहे, ती खोटं सांगते.

आहे तोच लोभ.
मावशी