मागून आणलेला पंप

प्रिय बंटी,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. रागच तेवढा होता. अजून आहे. पण काल पायलला यवतमाळला दवाखान्यात नेलं. आपल्या काकाची पायल, तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जाणारी. आता बारावीत आहे. तिनंही तुझ्यासारखं जिवाचं बरंवाईट करून घ्यायला पाहिलं रे. वाचली. ती शुद्धीवर यायच्या आत काकाचा बाबांना फोन आला, "भाऊ, लोकाइले काय सांगू?"

पोरगी कशी आहे ते नंतर सांगितलं. आधी हे! मी शेजारीच उभी होते. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगणार?

तुझ्या पहिल्या वेळी लोकांना काय सांगायचं यासाठी बाबांना फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. फवारणीचे दिवस होते. वॉर्डात आजूबाजूला फवारताना बाधा झालेली माणसं होती. बाबांनी त्यांच्यातच तुलाही बसवून टाकलं. "फवारणीची बाधा झाली." अरे, आपल्या घरी फवारणी केली होती कधी कोणी? बाबा एसटीत ड्रायव्हर, वावर ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलेलं, आणि तू तर कपाशीच्या ओळीतून चाललास तरी शिंकायचास!

घरात फवारणीचा पंपसुद्धा नव्हता. तुला दवाखान्यातून सुट्टी मिळायची होती त्या सकाळी बाबा समोरच्या रहीमचाचांकडे गेले आणि त्यांचा पंप मागून घेऊन आले. अंगणात नळाजवळ ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आईनं तो ओल्या फडक्यानं पुसला. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाली, "राहू दे ना वं. पावणे येतीन."

पाहुणे आलेच. चहा प्यायले, पंपाकडे पाहिलं, हळहळले. आणि तू खाटेवर उशीला टेकून सांगायचास, "वारं उलटं आलं ना मामा." किती झकास सांगायचास रे! आधी नुसतं वारं उलटं आलं होतं. मग रुमाल बांधायचा राहिला. पुढं पुढं तर तुझ्या पंपाचं नोझलही तुंबायला लागलं. मामा म्हणायचे, "तोंडाले काही बांधत जाय ना बे." तू गुमान मान हलवायचास. एकदा त्यांच्या पाठीआडून तू मला डोळा मारलास आणि मला हसू फुटलं. घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं म्हणून आईसुद्धा खूश झाली.

मग ते किटवाटप. कुठल्याशा मंडळानं फवारणी करणाऱ्यांना मास्क, चष्मा आणि हातमोजे वाटले. गावात एवढी बातमी झालेली, तुझं नाव यादीत नसतं तर लोकांना शंका आली असती. बाबांनी तुला रांगेत उभं केलं. फोटो निघाला. घरी आल्यावर तू तो चष्मा सायकलच्या हँडलला अडकवलास आणि म्हणालास, "ताई, मले फवारणीचा हिरो करून टाकलं यायनं."

याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र तुला सुट्टी देताना बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. "वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात. याला दाखवून न्या. आज हसतोय म्हणून सोडून देऊ नका." बाबा काय म्हणाले ठाऊक आहे? "फवारणीत लागलेल्या पोराले वेड्याच्या डॉक्टरकडं कायले न्यायचं, साहेब?" ज्या माणसाला खरं काय ते माहीत होतं, त्याच्याच तोंडावर! डॉक्टर पुन्हा समजावत होते, तोवर बाबांनी तुझी पिशवी उचललीसुद्धा. आपण नेरच्या गाडीत बसलो. तू खिडकीशी बसलास आणि गावापर्यंत बाहेरच बघत राहिलास.

बाधा! काय सोयीचा शब्द आहे. फवारणीची होते, अन्नाची होते, बाहेरचीही होते. कुठूनही येऊन चिकटते म्हटलं की घरातल्या कोणाला काही विचारायची गरज उरत नाही. फवारणीत लागलेल्या माणसाला काय विचारतात? मळमळतं का, डोकं दुखतं का. तेवढं तुला रोज विचारलं आम्ही. अगदी मनापासून विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात तू गेलास. तेव्हा पंप मागून आणायचाही उपयोग नव्हता. मग ज्याला जे सापडलं ते कारण त्यानं तुला लावलं. मोबाईल, एखादी पोरगी, बी.ए.चा निकाल. एवढं सोपं असतं का रे? मला अजून कळलेलं नाही. तुलाही कदाचित नीट सांगता आलं नसतं. पण नोझल तुंबल्याचं इतकं रंगवून सांगत होतास, तर एकदा, एकदाच, मला अर्धंमुर्धं खरं सांगायला काय झालं होतं? का सगळे इतके खूश होते त्या गोष्टीवर, की ती मोडायची तुझी हिंमत झाली नाही?

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला फोटो हवा होता. घाईत सापडला तो किटवाटपाचाच. स्टुडिओवाल्यानं बाकीचं कापलं, पण छातीशी धरलेल्या खोक्याचा कोपरा राहूनच गेला. फ्रेममध्ये तो अजून दिसतो. बुद्धवंदना म्हणताना माझी नजर दरवेळी त्या कोपऱ्यावर जाते.

आज बाबांबरोबर पायलकडे गेले. आता फवारणीचे दिवस नाहीत, लग्नसराई आहे. त्यामुळे काकानं लग्नातल्या जेवणाची बाधा ठरवली होती. मी स्टुलावर टेकले तशी पायल आपणहून म्हणाली, "मठ्ठा आंबला होता ताई." अगदी तुझ्या आवाजात, बंटी! काकू मान डोलवत होती. माझ्या अंगाची आग झाली.

मी म्हटलं, "पायल, त्या लग्नात मीपण होते. मठ्ठा नव्हताच तिथं. खरं सांग, तुले मरायचं होतं का?"

काका दबक्या आवाजात ओरडला, "हळू बोल ना! बाजूचे ऐकून राह्यले."

"ऐकू द्या," मी म्हटलं.

पायलनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो," म्हणाली. मग तिनंच विचारलं, "बंटीदादाले असं कोणी इचारलं होतं काय?"

"नाही," मी म्हटलं. "कोणीच नाही."

ती रडायला लागली. मग पाय जवळ घेऊन तिनं मला पलंगावर बसायला जागा केली. पुष्कळ बोलली. काकू तोंडाला पदर लावून ऐकत होती. बाबा पायथ्याशी उभे होते, ते बाहेर निघून गेले. मी मागून गेले तर दारातल्या गार्डला विचारत होते, "मनाचे डॉक्टर बसतात, तो वरचा जिना कुठं आहे जी?"

मला बरं वाटायला हवं होतं ना? मला संताप आला. तो जिना तेव्हाही तिथंच होता, बंटी! आपण त्याच्याच खालून पिशवी घेऊन बाहेर पडलो होतो. मी बाबांशी अजून बोललेले नाही. कधी बोलेन तेही माहीत नाही.

पण उद्या पायलला त्या जिन्यानं मी घेऊन जाणार आहे. आणि पुढं जितक्यांदा बोलावतील तितक्यांदा नेणार आहे, काका येवो न येवो. तुझ्या फ्रेममधला फोटोही बदलते. पायलकडे एक आहे, तू सायकलवर, ती दांडीवर, दोघंही दात काढून हसताय. तो लावीन. आणि आता कोणी विचारलं, तुमच्या बंटीला तेव्हा काय झालं होतं, तर मी सरळ सांगीन. वारं उलटं आलं नव्हतं. त्याला मरावंसं वाटत होतं, आणि आम्ही अंगणात पंप ठेवला.

अजून तुझ्यावर रागावलेली,
ताई