आजोबांवर गेलीय म्हणे

तीर्थरूप दादास,

नमस्कार आधीच करून घेते, पुढे करावासा वाटणार नाही.

मी बरी आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी गाद्यांच्या कारखान्यात दिवसभर लोकांच्या झोपेची सोय शिवते आणि रात्री स्वतः टक्क जागी राहते, म्हणून डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला झोपेचा त्रास? बाबांना, म्हटलं. मनाचा आजार? आत्याला. बाई म्हणाल्या, दोन्हींचा धोका काही अंशी एकाच रक्तातून येतो. आजार होईलच असं नाही, पण लक्ष ठेवावं.

आपण काय केलं? बाबा झोपत नाहीत म्हणून त्यांना कर्मयोगी ठरवलं आणि आत्याला वेडी. त्यांचा फोटो बैठकीत, तिचा माळ्यावर. धन्य आपलं घराणं.

आणि आता तू कौतुकानं लिहितोस, लेक रात्र-रात्र जागते, अगदी आजोबांवर गेलीय. आत्यावर गेली नसेल कशावरून? मिरवणं पुरे. तिला डॉक्टरांकडे ने. त्याआधी जवळ बसवून विचार, जागी असतेस तेव्हा मनात काय येतं. आपल्या आत्याला हे कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

तुझ्या लेकीची आत्या